अबोल ग्रंथीची कैफियत

मुंबईच्या कीर्तीचे जे दाखले आपण चारचौघांत अभिमानाने देतो, त्यांत एक दाखला सहसा सापडत नाही. डॉ. ए. पी. पिल्ले यांच्या संपादकत्वाखाली या शहरातून ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ नावाचे इंग्रजी नियतकालिक निघत असे. पूर्वी बर्लिनमध्ये काम करणारा, नात्सींच्या तुरुंगातून सुटून न्यूयॉर्कला जाऊन राहिलेला स्त्रीरोगतज्ज्ञ अर्न्स्ट ग्राफेनबर्ग याचा एक लेख १९५० साली त्यात प्रसिद्ध झाला. कामतृप्तीच्या परमक्षणी काही स्त्रियांच्या मूत्रमार्गातून स्वच्छ द्रव बाहेर पडतो, त्याला मूत्राचे गुणधर्म नसतात आणि तो मूत्रमार्गाभोवतीच्या ग्रंथींचा स्राव असावा, असे त्याने त्यात नमूद केले होते. ज्या शहरात र. धों. कर्वे यांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लेखनापायी अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि १९३४ साली ज्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले, त्याच शहरात हा लेख छापला जावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

तसे पाहिले तर स्त्रीला स्खलन असते की नाही हा वाद ग्राफेनबर्गने उकरून काढलेला नव्हे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात औद्दालकी या आचार्याचे मत असे दिले आहे की, पुरुषाप्रमाणे स्त्रीला स्खलन नाही. तर बाभ्रव्याचे अनुयायी म्हणतात की, तिचे स्रवणे आरंभापासून अखेरपर्यंत चालूच असते. तिकडे युरोपात रेनिअर द ग्राफ या डच शरीरशास्त्रज्ञाने १६७२ साली मूत्रमार्गाला वेढून असलेल्या ग्रंथिमय ऊतीचे वर्णन केले आणि तिला पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीचेच नाव दिले. १८८० साली अमेरिकेत अलेक्झांडर स्कीन याने त्या ग्रंथींच्या नलिका दाखवून दिल्या. मात्र त्याचे लक्ष होते ते नलिकांत होणाऱ्या रोगसंसर्गाकडे, सुखाकडे नव्हे. गर्भावस्थेत ज्या ऊतीपासून पुरुषाची प्रोस्टेट घडते, तिच्यापासूनच या ग्रंथी घडतात. पण प्रोस्टेटला मराठीत ‘पौरुषग्रंथी’ म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे ती स्त्रीलाही असते हे सांगू जावे, तर आपली भाषाच प्रथम तक्रार करते!

विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र या प्रश्नाचा निकाल जवळजवळ स्त्रियांच्या विरुद्ध लागल्यासारखा झाला होता. मास्टर्स आणि जॉन्सन या विख्यात संशोधकद्वयाने १९६६ साली स्त्रीस्खलनाची समजूत ही सर्वत्र पसरलेली परंतु चुकीची समजूत होय, असे लिहिले. एवढ्या मोठ्या अधिकारवाणीने एखादी गोष्ट नाकारली गेली म्हणजे, तिचा अनुभव ज्यांना येतो त्यांच्या माथी रोगाचा शिक्का बसणे ओघानेच आले. पुढे बेव्हर्ली व्हिपल आणि जॉन पेरी या संशोधकांकडे मूत्रगळतीची तक्रार घेऊन ज्या स्त्रिया येत, त्यांतील काहींच्या बाबतीत असे आढळले की, त्यांच्या कटितळाचे स्नायू दुबळे नसून चांगले बळकट आहेत, आणि ही ‘गळती’ खोकताना वा शिंकताना न होता केवळ तृप्तीच्या क्षणीच होते. १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीच्या स्रावाची तपासणी प्रसिद्ध केली, तीत प्रोस्टेटशी संबद्ध असलेल्या एका विकराचे प्रमाण तिच्या मूत्रापेक्षा अधिक होते. उलट १९८३ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात गोळा केलेले नमुने मूत्रासारखेच निघाले, आणि वाद पुन्हा पेटला.

आज या वादाची उकल बरीचशी अशी झाली आहे की, एका नावाखाली दोन भिन्न घटना नांदत होत्या. पहिली म्हणजे स्कीनच्या ग्रंथींतून येणारा, अल्प, दाट आणि दुधाळ स्राव. दुसरी म्हणजे मूत्राशयातून जोराने बाहेर पडणारा, पाण्यासारखा पातळ व विपुल द्रव. फ्रान्समधील संशोधकांनी २०१५ साली सात स्त्रियांची ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाहणी केली, तेव्हा आरंभी रिकामे असलेले मूत्राशय उत्तेजनेच्या काळात भरले आणि स्रावानंतर पुन्हा रिकामे झाले. परंतु सातपैकी पाच जणींच्या द्रवात प्रोस्टेटचे विशिष्ट प्रथिनही सापडले. २०२२ साली जपानमध्ये पाच स्त्रियांच्या मूत्राशयात निळा रंग सोडण्यात आला, तेव्हा पाचही जणींचा द्रव निळा आला आणि चौघींच्या द्रवात ते प्रथिन आढळले. संख्या अगदी तुटपुंजी आहे हे खरे. तथापि ‘मूत्र की स्खलन’ असा सवाल टाकणारे दोन्ही पक्ष अर्धेअर्धे बरोबर होते, एवढे यावरून म्हणता येते.

स्त्रीवाद्यांचा वाद याहून गुंतागुंतीचा, आणि माझ्या मते अधिक उद्बोधक आहे. १९७० साली अ‍ॅन कोएट हिने योनिमार्गातूनच खरी तृप्ती लाभते या फ्रॉइडप्रणीत समजुतीवर घणाघात केला होता. त्यामुळे १९८२ साली ग्राफेनबर्गच्या नावाने ‘जी स्पॉट’ या योनिमार्गातील संवेदनशील जागेचा गाजावाजा सुरू होताच, जुनीच सक्ती नव्या वेषात परत येते आहे, अशी शंका अनेकींना आली. दुसऱ्या बाजूस, अमेरिकेतील स्त्रीवादी आरोग्यकेंद्रांनी १९८१ साली स्वतःच्या देहाचे स्वतः निरीक्षण करून मूत्रमार्गाभोवतीच्या ऊतीचा आपल्या नकाशात समावेश केला, आणि कॅनडाच्या शॅनन बेल हिने स्त्रीस्खलनाकडे खुद्द स्त्रीवादानेच पाठ फिरवली अशी फिर्याद मांडली. पहिल्या पक्षाला भीती होती ती पुरुषाच्या मापाने स्त्रीला मोजले जाण्याची. दुसऱ्याला चीड होती ती, माप पुरुषाचे आहे म्हणून स्त्रीची वस्तूच दफ्तरातून खारीज होण्याची. दोन्ही गाऱ्हाणी रास्त होती.

दफ्तरात नोंद नसण्याचे परिणाम ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष कायद्यातच दिसले. पैसे घेऊन दाखवल्या जाणाऱ्या कामुक चित्रफितींसाठी तेथे २०१४ साली जे नियम लागू झाले, त्यांच्या अंमलात पुरुषाच्या स्खलनाला मुभा होती आणि स्त्रीचे मात्र मूत्रविसर्जनाच्या सदरात घालून बहुतांशी वर्ज्य ठरले होते. त्याविरुद्ध पार्लमेंटसमोर निदर्शने झाली, आणि २०१९ साली ते धोरण सैल करण्यात आले. सेन्सॉरच्या कचेरीत प्रयोगशाळेचा प्रश्न निकालात काढला गेला की तो असा निघतो.

या साऱ्या प्रदीर्घ खटल्यात आचार्य बोलले, शल्यवैद्य बोलले, अंमलदार बोलले. जिच्या देहाविषयी खटला, तिची जबानी मात्र बहुधा शेवटी घेतली गेली. व्हिपल आणि पेरी यांना जो धागा सापडला, तो आलेल्या स्त्रीचे म्हणणे नीट ऐकून घेतले म्हणूनच. एखादी गृहिणी आजही पहाटे सर्वांच्या आधी उठून चादर गुपचूप भिजत घालीत असेल आणि आपल्याला काही व्याधी जडली आहे असे मानून मनातल्या मनात कुढत असेल, तर तिला सांगण्यासारखे उत्तर आता फार लांबलचक राहिलेले नाही. हे एरवी होत नसेल, दुखतखुपत नसेल, तर बाई, हा रोग नव्हे. आणि ज्या शेजारणीला असे कधीच होत नाही, तिच्यातही काही उणे नाही.