पेंडीतले अन्न

सोलकढी उकळायची नाही, हे कोकणात कुणाला शिकवावे लागत नाही. नारळाच्या रसात कोकमाचे आगळ पडले की सुरेख गुलाबी रंग चढतो. पण तेच पातेले चुलीवर ठेवले तर कढी फाटते. पाणी सुटते आणि पांढुरक्या गुठळ्या वेगळ्या होतात. नारळाच्या रसातला तेलाचा प्रत्येक सूक्ष्म थेंब प्रथिनांच्या पातळ वेष्टनात असतो. या प्रथिनांवर विद्युतभार असतो, त्यामुळे थेंब एकमेकांना दूर लोटतात आणि रस एकजीव राहतो. आंबटपणा वाढून सामू ४ च्या आसपास आला की हा भार जवळजवळ नाहीसा होतो. त्यात उष्णतेची भर पडली की प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि तेलालाही सोबत ओढून घेतात. तेलबियांपासून खाण्याची प्रथिने वेगळी काढणारे जगभरचे कारखाने प्रथिनांच्या याच स्वभावावर चालतात.

रत्नागिरीच्या शेतीत तेलबिया नव्या नाहीत. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरीच्या जोडीने कारळा आणि तीळ, भात निघाल्यावर पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी भुईमूग आणि किनाऱ्याला लागून नारळ. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९७२ च्या स्थापनेपासून या पिकांवर काम केले. ‘कोकण गौरव’ हा भुईमुगाचा वाण तिथला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाच्या साहाय्याने भुईमुगाचे जे वाण घडवले, त्यांतला टीकेजी-१९ए हा कोकणाचे नाव घेऊनच आला. रत्नागिरी शहराला लागून भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. ‘प्रताप’ हा बाणवली जातीच्या नारळातून निवडलेला वाण त्याच केंद्राचा.

या सगळ्या संशोधनात तेल आणि उत्पन्न यांचा हिशोब फार बारकाईने झाला. तेल काढल्यावर जे उरते, त्याचा हिशोब मात्र गोठ्याच्या दारापर्यंत जाऊन थांबला. १०० किलो शेंगदाण्यांत साधारण २५ किलो प्रथिने असतात. घाण्यातून ४० किलोच्या आसपास तेल निघते आणि पन्नास-पंचावन्न किलो पेंड उरते. प्रथिने तेलात विरघळत नाहीत, म्हणून ती जवळजवळ सगळी पेंडीत राहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे एका क्विंटल दाण्याच्या पेंडीत एका माणसाची सव्वा वर्षाची प्रथिने आहेत.

ही पेंड दुभत्या जनावरांपुढे जाते, कोंबड्यांपुढे जाते आणि माशांच्या तळ्यातही जाते. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यांना भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे मिसळून घालायची जुनी पद्धत मत्स्यशेती करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. यात गैर काही नाही. दूध, अंडी आणि मासे या रूपाने त्यातला काही भाग परत आपल्याकडे येतो, पण काहीच. मोठा वाटा जनावर स्वतःच्या जगण्यावर खर्च करते. म्हणून ही पेंड थेट माणसाच्या ताटात का आली नाही, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही, कारण प्रथिने वेगळी काढण्याचे कोडे शंभर वर्षांपूर्वीच सुटले होते.

अमेरिकेतल्या थॉमस ऑस्बर्न यांनी बियांमधली प्रथिने कोणत्या द्रावणात विरघळतात यावरून त्यांचे वर्गीकरण केले आणि १९०९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढच्या दशकात भुईमुगातली अराचिन आणि कोनाराचिन ही दोन मुख्य प्रथिने वेगळी काढली गेली. रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. तेल काढलेले पीठ सौम्य अल्कलीच्या पाण्यात कालवायचे, प्रथिने विरघळतात. तंतू आणि टरफल गाळून टाकायचे. मग पाण्यात आम्ल घालून सामू साडेचारच्या आसपास आणायचा. प्रथिने दह्यासारखी खाली बसतात. ती धुऊन वाळवली की ९० टक्के शुद्धतेची पूड मिळते. हे शुद्ध प्रथिन. इतकी खटपट न करता फक्त साखरेचे अंश धुऊन काढले, तर ६५ ते ७० टक्के प्रथिनांचे पीठ मिळते.

खरी अडचण त्याच्या आधीच्या टप्प्यात, तेल काढण्यात आहे. मोठ्या गिरण्या बी चेपटे करून त्यातून हेक्झेन हे द्रावक सोडतात. ते सत्तर अंशांच्या आतच उकळते, त्यामुळे नंतर वाफेने उडवून लावता येते. तेल जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत निघते आणि मागे राहते ती डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव ठरतो, तो तेलाइतकाच या डीओसीच्या भावावर. पण वाफ आणि उष्णता जास्त झाली की प्रथिने एकदा आळतात आणि मग पाण्यात विरघळत नाहीत. कोंबडीला त्याने फरक पडत नाही. सोयाबीनमधले पचनाला अडवणारे घटक उष्णतेनेच निकामी होतात; तापवलेले सोयाबीन अधिक पोषक ठरते, हे १९१७ मध्येच दिसून आले होते. माणसासाठी प्रथिने वेगळी काढायची तर मात्र उष्णता मोजून-मापून द्यावी लागते. म्हणजे माणसासाठीची पेंड गिरणीच्या पहिल्या टप्प्यापासून वेगळी हाताळावी लागते. पशुखाद्य झालेली पेंड नंतर अन्न करता येत नाही.

आधुनिक कारखानदारीने ही प्रथिने आधी भलतीकडेच नेली. ग्लिडन कंपनीच्या शिकागोतल्या विभागात १९३६ पासून पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाने सोयाबीनचे प्रथिन काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर उभे केले. ते कागदावर मुलामा देण्यासाठी वापरले गेले आणि दुसऱ्या महायुद्धात आग विझवणाऱ्या फेसासाठी. ब्रिटनमध्ये भुईमुगाच्या प्रथिनापासून ‘आर्डिल’ नावाचा लोकरीसारखा धागा काढला जात होता. भुकेल्या जगात शेंगदाण्याचे कोट शिवले जात होते, हे आज वाचतानाही अस्वस्थ करते.

पेंड माणसाच्या पोटासाठी वापरण्याचा विचार भारतात गांभीर्याने झाला तो म्हैसूरला. १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत पहिले संचालक व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या काळात ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार झाले. तीन भाग भुईमुगाच्या पेंडीचे पीठ, एक भाग हरभऱ्याचे पीठ आणि वरून जीवनसत्त्वे व कॅल्शियम. हे प्रमाण विचारपूर्वक ठरवलेले होते. भुईमुगात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, हरभऱ्यात ते भरपूर असते. पुढे याच संस्थेने भुईमुगाचे शुद्ध प्रथिन दुधात मिसळून ‘मिल्टोन’ काढले. दुधाचा तुटवडा असलेल्या देशात दूध वाढवण्याचा तो मार्ग होता. दोन्ही पदार्थ शास्त्राच्या कसोटीवर उतरले, पण रोजच्या घरगुती स्वयंपाकात रुजले नाहीत.

त्याच सुमारास या सगळ्या स्वप्नावर एक बुरशी पडली. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पिल्ले अचानक मेली. शोध त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत आणि त्या पेंडीवरच्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपर्यंत पोहोचला. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन नाव मिळाले. यकृताचा कर्करोग घडवणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांत ते अत्यंत प्रभावी आहे. स्वयंपाकाच्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही. शिवाय बुरसटलेल्या दाण्याचे तेल काढले की या विषाचा मोठा भाग पेंडीतच राहतो आणि तेलात उरलेला अंश शुद्धीकरणात निघून जातो. तेल स्वच्छ, पेंड विषारी, असा हा उलटा प्रकार आहे.

कोकणात हे समजून घेण्याला पर्याय नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळी भुईमूग मे महिन्यात काढणीला येतो आणि शेंगा खळ्यावर असतानाच वळवाची सर आली की दमट शेंगांच्या ढिगात बुरशीला हवे ते सगळे मिळते. सुक्या खोबऱ्याचेही तेच. अर्धवट सुकलेली वाटी चार दिवसांत काळी-हिरवी पडते. घाणेवाला अशा मालाचे तेल काढून देतो, कारण तेलाच्या वासावर थोडाच परिणाम होतो आणि शेतकऱ्याचे नुकसान टळते. त्या पेंडीचे पुढे काय होते, ते कुणी विचारत नाही. जनावराच्या पोटातून या विषाचा काही अंश दुधात उतरतो, हेही त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही.

अफ्लाटॉक्सिनच्या शोधानंतरच्या त्या काळात एका मराठी माणसाने आणखी मुळाशी जाणारा प्रश्न विचारला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. फर्ग्युसन महाविद्यालय, मग लंडनमध्ये संख्याशास्त्राची पदवी आणि १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद. त्या वर्षांत जगभर ‘प्रथिनांची दरी’ हा परवलीचा शब्द झाला होता. संयुक्त राष्ट्रांचा १९६८ चा अहवाल येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा देत होता; माशांची पूड, पेट्रोलियमवर वाढवलेले यीस्ट, तेलबियांची प्रथिने अशा योजनांवर पैसा ओतला जात होता. सुखात्म्यांनी १९७० मध्ये भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे घरोघरच्या पातळीवर तपासले. त्यांना दिसले ते असे: ज्या घरात पोटभर धान्य-डाळ शिजते, तिथे प्रथिने सहसा आपोआप पुरतात, जिथे प्रथिने कमी पडतात, तिथे मुळात अन्नच कमी असते. उपाशी शरीर मिळालेली प्रथिने सरपणासारखी जाळते. अशा माणसाला प्रथिनांची पूड देणे म्हणजे महागडे सरपण देणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गोपालन यांच्या चमूला लहान मुलांबाबत हेच आढळत होते. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनांची गरज कमी करून मांडली आणि ती दरी कागदावरून जवळजवळ पुसली गेली. सुखात्मे पुण्याला परतले आणि १९९७ मध्ये निधन होईपर्यंत पोषणाच्या प्रश्नांवर लिहीत, वाद घालत राहिले.

मला सुखात्म्यांचे म्हणणे आजही पटते आणि पेंडीबद्दल लिहिताना ते बाजूला ठेवता येणार नाही. भुकेल्याला आधी पोटभर जेवण हवे. पण आता अनेक घरांत भात पोटभर आहे आणि डाळ पातळ झाली आहे. मासे महागले आहेत, म्हाताऱ्या माणसांचे खाणे चहा-पाव आणि पेजेवर येऊन ठेपते. कॅलरी पुरत असतानाही प्रथिने अपुरी राहू शकतात, अशी ही स्थिती आहे. ती दरी भरण्यासाठी डब्यातली परदेशी पूड घेण्याची गरज मला दिसत नाही.

रत्नागिरीत शुद्ध प्रथिनाचा कारखाना निघावा, असेही मला वाटत नाही. आम्ल-अल्कलीचे सांडपाणी इथल्या खाड्यांना परवडणारे नाही आणि तेवढा कच्चा मालही इथे नाही. इथे जमण्यासारखे आहे ते खाण्याजोगे पेंडीचे पीठ. तिळाच्या सालात ऑक्झलेट असते, त्याने पेंड कडवट होते. पण साल काढलेले तीळ बाजारात मिळतातच आणि त्यांच्या पेंडीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल भरपूर असते, जे भुईमुगात आणि डाळींत कमी पडते. कारळ्याचे दाणे बारीक, काळी साल घट्ट, तंतू जास्त. त्याची पेंड माणसासाठी अवघडच. कारळा चटणीतच खावा, तिथे तो आख्खा पोटात जातो.

नारळाची गोष्ट वेगळी आहे. ओल्या खोबऱ्यात प्रथिने जेमतेम सव्वातीन टक्के. सुक्या खोबऱ्याच्या पेंडीत ती वीस टक्क्यांच्या घरात जातात, पण तिथे पुन्हा बुरशी आणि भाजल्याचा प्रश्न येतो. ओल्या नारळाच्या रसातून थेट तेल काढले तर मधला वाळवण्याचा धोका टळतो. कोकणातले आवेल तेल याच रीतीने निघत आले आहे. यंत्राने साय वेगळी केल्यावर जे पातळ दूध उरते, त्यात पाण्यात विरघळणारी प्रथिने असतात आणि ते बहुधा ओतून दिले जाते. त्याचे पेय होऊ शकते, पिठात मळता येऊ शकते. भाट्येसारख्या केंद्राने नारळाच्या झाडाइतकेच लक्ष या पातळ दुधाकडे द्यावे, अशी माझी मनापासून अपेक्षा आहे.

भारतीय अन्न कायद्यात द्रावकाने तेल काढलेल्या सोयाबीन, भुईमूग, तीळ आणि नारळाच्या पिठांना मानके आहेत. उरलेल्या हेक्झेनची मर्यादा दहा लाखांत दहा भाग. लाकडी घाण्याच्या पेंडीत हेक्झेनचा प्रश्नच येत नाही. तिथे पाहायचे ते दाण्याकडे. शेंगा ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवल्या, दाण्यातला ओलावा आठ टक्क्यांच्या खाली आणला, सुरकुतलेले, रंग बदललेले आणि किडके दाणे हाताने निवडून टाकले, तर अफ्लाटॉक्सिनचा बराचसा धोका घाण्याआधीच जातो, कारण विष मूठभर खराब दाण्यांत एकवटलेले असते. निवडलेल्या दाण्यांचा घाणा वेगळा काढायचा, नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा आणि ती पेंड पशुखाद्याच्या पोत्यांपासून दूर ठेवायची.

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. त्यातले १५ ग्रॅम पीठ काढून तेवढेच अशा पेंडीचे पीठ घातले तर आकडा १३ ग्रॅमच्या जवळ जातो. भाकरीसोबत कुळथाचे पिठले असेल तर लायसिनची उणीवही भरून निघते. म्हैसूरला हरभऱ्याने जे काम केले, ते इथे कुळीथ करतो. ज्यांना शेंगदाण्याचे वावडे आहे, त्यांनी अर्थातच यापासून दूर राहावे. घाण्याच्या पेंडीत आठ-दहा टक्के तेल राहिलेले असते आणि किनाऱ्याच्या दमट हवेत त्याचे पीठ लवकर खवट होते, म्हणून पेंड कोरडी, हवाबंद ठेवावी आणि आठवड्याला लागेल तेवढीच दळून घ्यावी.