सायखेड्याहून सातमाळ्याकडे

आश्विनात पावसाचा अंमल ओसरून गोदावरीचे गढूळ पाणी निवळू लागले, म्हणजे निफाड तालुक्यातील सायखेड्याहून पिंपळगाव बसवंत, वणी, नांदुरी या वाटेने उत्तरेस निघालेला प्रवासी मोटारीने काही तासांतच नदीकाठच्या काळ्या, सपाट मुलुखातून सातमाळा रांगेच्या पायथ्याशी येऊन पोहोचतो. आणि या मार्गाचे खरे वैशिष्ट्य नेत्रसुखापेक्षाही, ही रांग पाण्याची जी वाटणी करते, तिच्यात आहे.

त्या वाटणीत सायखेड्याच्या पदरी कधी कधी अतिरेकही येतो, हे 2016 आणि 2019 सालच्या ऑगस्टमधील महापुरांनी दाखवून दिले. गावाच्या खालच्या अंगास, नांदूर मध्यमेश्वर येथे, दिंडोरीच्या डोंगरांतून करंजवण व पालखेडची धरणे भरीत आलेली कादवा गोदावरीस मिळते. तेथील बंधाऱ्याने निर्माण झालेल्या पाणथळ प्रदेशास 2020 साली रामसर स्थळाचा दर्जा लाभला, आणि तो महाराष्ट्रातील पहिलाच होय. शरदाच्या उत्तरार्धात परदेशी बदकांचे थवे तेथे उतरू लागतात.

पिंपळगावची बाजारपेठ या दिवसांत टोमॅटोच्या क्रेटांनी गजबजलेली असते, तर दुतर्फा द्राक्षबागांत गोडी छाटणी चाललेली असते. एप्रिलमधील खरड छाटणीने घडविलेल्या काड्यांतून आता घड बाहेर पडावयाचे असल्याने, परतीचा पाऊस लांबला की बागाईतदाराची झोप उडते.

वणी मागे पडली की सातमाळा समोर उभा राहतो. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून बनलेल्या कातळावर युगानुयुगे पर्जन्याचे घाव पडत गेले, मृदू भाग झिजला, कठीण भाग सुळक्यांच्या व कड्यांच्या रूपाने उरला. पूर्वेस धोडपच्या भिंतीसारख्या कातळातील ती सुप्रसिद्ध खाच त्याच झिजेची साक्ष होय. 1670 च्या ऑक्टोबरात, सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी मोगल सरदार दाऊदखानाच्या फौजेशी वणी-दिंडोरीच्या याच परिसरात उघड्या मैदानावर झुंज घेऊन विजय मिळविला.

याच रांगेत, नांदुरीच्या वर असलेल्या सप्तशृंगगडावर अष्टादशभुजा देवीच्या दर्शनासाठी पायऱ्यांखेरीज 2018 पासून फनिक्युलर ट्रॉलीचीही सोय आहे. या रांगेच्या दक्षिण उतारावरचे पाणी कादवेवाटे गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराकडे वळते, उत्तरेचे गिरणा व तापी यांच्यावाटे अरबी समुद्रास जाते; परंतु कोजागरीस निरनिराळ्या नद्यांचे जल खांद्यावर वाहून आणणारे कावडीकरी ते देवीच्या एकाच अभिषेकात अर्पण करतात, आणि पर्वताने विभागलेले पाणी श्रद्धेने पर्वतावरच एकत्र होते.

यात्राकाळात खासगी वाहनांना नांदुरीहून वर मज्जाव असून एस.टी.नेच जावे लागते; म्हणून सवडीने हिंडू पाहणाऱ्याने कोजागरी उलटल्यावर निघणे श्रेयस्कर. मात्र गडावरूनच माघारी वळणाऱ्यास रांगेची एकच बाजू कळते. पुढे अभोण्याकडे उतरावे, गिरणेवरील चणकापूरचे धरण पाहावे, आणि उतारावरील नागलीची व पिवळ्या खुरासणीची शेते न्याहाळीत, अल्प मातीवर निष्ठेने कष्टणाऱ्या कोकणा शेतकऱ्याचा पाण्याचा हिशेब खालच्या बागाईतदाराहून किती निराळा आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकावे.