पायाखालची माती

ट्रायपॉडवर बॉल हेड घ्यायचं की पॅन हेड, याचा निकाल आज लावायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. मध्येच वसमत तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आणि माझा जिव्हाळ्याचा विषय उकरला गेला.

पत्रासोबत एक फोटो आहे. शिमग्याच्या आसपासची पहाट, वावरात हळद शिजवायचं काम जोरात, ड्रममधून वाफेचा लोट उठलाय आणि त्याच्यामागे ट्रॅक्टर. उजेड सुरेख पकडलाय. पण ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटवरचा एकेक आकडा दोनदा उमटल्यासारखा दिसतो. ते विचारतात, "सर, ट्रायपॉड चांगला दणकट आहे. दोन सेकंदांचा टायमर लावला होता. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुम्ही सांगितलं तसं बंद ठेवलं. शटर अर्ध्या सेकंदाचं. मग हललं काय?"

ट्रॅक्टरच थरथरत असेल, अशी शंका मलाही आली. पण त्याच्या मागच्या विजेच्या खांबालाही तीच दुहेरी कड आहे, आणि खांब काही चालू नव्हता. मी विचारलं, ट्रायपॉड नेमका कुठं उभा केला होता? उत्तर आलं, पाण्याच्या टाकीशेजारी, ओल्या वावरात.

म्हणजे जमीन हलली.

यावर लोक हसतात. जमीन हलून हलून अशी किती हलणार? तर हिशेब करा. २४ मेगापिक्सलच्या फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर, त्यात ६,००० पिक्सल. एका पिक्सलच्या वाट्याला आले ०.००६ मिलिमीटर. लेन्स २०० मिलिमीटरची असेल आणि ट्रायपॉडच्या पायांमधलं अंतर ढोबळमानाने एक मीटर धरलं, तर एक पाय ०.०३ मिलिमीटर खचला की चित्र एका पिक्सलने सरकतं. डोक्यावरचा केस साधारण याच्या दुप्पट जाड असतो. शटर उघडं असताना एक पाय तीन-चार केसांच्या जाडीइतका खाली गेला, की नंबरप्लेटची वाट लागलीच.

आणि आपली काळी माती तर खचण्यात पटाईत. बेसॉल्टचा खडक झिजून ही माती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. म्हणून वैशाखात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच वावरात चपला रुतून बसतात. घर बांधताना गवंडी काळी माती काढून मुरूम का भरतो, हे हिंगोली जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. तोच माणूस पुढे चाळीस हजारांचा कॅमेरा त्याच मातीवर बिनधास्त उभा करतो, याचं मला नवल वाटतं.

आता मृग तोंडावर आलाय, तेव्हा एक प्रयोग करून बघाच. पहिल्या चांगल्या पावसानंतर वावरात ट्रायपॉड लावा. मोठी लेन्स चढवा, लांबचा एखादा खांब मागच्या स्क्रीनवर घ्या आणि लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा. हात काढून घ्या आणि नुसतं बघत राहा. खांब हळूहळू सरकताना दिसेल. वाऱ्याने हलला तर तो जागेवर परत येतो. हा परत येत नाही, एकाच दिशेला जात राहतो. पाय रुतताहेत ते असे दिसतात. मग ट्रायपॉडभोवती एक चक्कर मारा. तुमचं प्रत्येक पाऊल स्क्रीनवर उमटेल. दोन सेकंदांचा टायमर लावून आपण त्या दोन सेकंदांत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभे असतो, हेही तेव्हाच ध्यानात येतं.

मोजणीवाल्यांना हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. मोजणीला लेव्हल किंवा थिओडोलाइट घेऊन माणसं आली, की त्यांच्या तिपाईच्या खालच्या टोकाकडे बघा. रबराची गुळगुळीत टोपी तिथे नसते. टोकदार लोखंडी बूट असतो आणि त्याला बाजूला एक कान काढलेला असतो. त्या कानावर पाय देऊन, अंगाचा भार टाकून ते टोक जमिनीत दाबतात आणि तिन्ही पाय दाबून झाल्यावरच यंत्र चढवतात. अचूक लेव्हलिंगला लाकडी पायांची तिपाई आजही वापरतात, कारण लाकूड थरथर लवकर गिळतं आणि उन्हाने फारसं वाढत नाही.

याहून थोर उदाहरण भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं. या सर्वेक्षणाच्या मुख्य ठाण्यांवर यंत्रासाठी मधोमध दगडी खांब बांधत आणि माणसाने उभं राहायचा चौथरा त्या खांबाभोवती, पण त्याला न चिकटवता बांधत. निरीक्षक कितीही फिरला तरी त्याची पावलं यंत्रापर्यंत पोचू नयेत म्हणून. पुलावर, गच्चीवर, लाकडी मचाणावर फोटो काढताना आपल्याला अशी सोय नसते. तिथे एकच उपाय, शटर बंद होईपर्यंत सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. सोबत लहान पोरं असतील तर सोडून द्या.

आणि या सगळ्यांचा आजोबा शोभेल असा प्रकार आपल्याच जिल्ह्यात येतोय. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेझर, टोकांना आरसे. गुरुत्वीय लहर आली की आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी बदलतं, आणि ते मोजायचं असतं. अमेरिकेतल्या लायगोत यासाठी चाळीस किलोचा एकेक आरसा चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलाय. शेवटच्या टप्प्यातला काचेचा धागा ०.४ मिलिमीटर जाडीचा. त्याच्यावर जमिनीची थरथर ओळखून उलटी हालचाल करणारी यंत्रणा. तुमच्या कॅमेऱ्यातलं सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन तत्त्वाने तेच करतं, आवाका सोडा.

पण मला यातली गंमत वेगळीच वाटते. एवढी यंत्रणा हाताशी असतानाही शास्त्रज्ञांना आधी शांत जमीन शोधावी लागते. लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या यंत्राजवळ जंगलतोड चालायची, मालगाड्या जायच्या. सुरुवातीच्या वर्षांत दिवसा तिथे काम करणं जड जाई, आणि पुढे त्यासाठी खास यंत्रणा बसवावी लागली. दुधाळ्याचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच पांगरा शिंदेच्या बाजूचे जमिनीखालचे आवाज आणि १० जुलै २०२४ च्या सकाळचा ४.५ तीव्रतेचा धक्का आठवतो. असा धक्का बसला तर यंत्राचं काम काही काळ थांबतं, दूरच्या मोठ्या भूकंपानेही थांबतं. खरी कटकट असते ती रोजच्या बारीक थरथरीची. आपल्यालाही तीच नडते. हिंगोलीच्या दसऱ्याला रामलीला मैदानात ट्रायपॉड लावणाऱ्याला गर्दीची पावलं नडतात, आणि स्टेशनच्या फलाटावर येणारी गाडी दिसायच्या आधी कॅमेऱ्याला कळते.

आता कामाचं बोलू. ट्रायपॉड घेताना दुकानात सगळे वरचा भाग चाळतात. तुम्ही तो उलटा करा आणि रबराच्या टोप्या फिरवून पाहा. त्या निघाल्या, तर आतल्या आट्यांवर लोखंडी खिळे बसवता येतील. पुष्कळ स्वस्त ट्रायपॉडच्या टोप्या चिकटवलेल्या असतात. असा ट्रायपॉड लग्नाच्या हॉलमध्ये चालेल, वावरात नाही. काही ट्रायपॉडमध्ये टोपी फिरवली की तिच्या आतूनच टोक बाहेर येतं. दिसायला छान, पण ते टोक आखूड असतं आणि काळ्या मातीत टोपीसकट जातं. सुटे, लांब खिळे घ्या.

मात्र खिळे बारमाही नाहीत. वापसा आलेल्या वावरात ते फार छान धरतात, त्यासारखी जमीन नाही. भेगाळलेल्या उन्हाळी रानात भेगेच्या कडेला टोक टेकवलं की ढेकूळच निसटतं. तिथे धुऱ्यावर किंवा गाडीवाटेच्या मुरमावर या. चिखलात तर खिळा काढूनच ठेवा. तिथे रुंद तळवे लागतात. मी प्लायचे तीन हातभर चौकोन गाडीत ठेवतो. औंढ्याच्या देवळाच्या फरसबंदीवर मात्र रबरच हवं. दगडाला ओरखडे काढत लोखंडी टोकं फिरवणाऱ्याला कुणी हटकलं तर त्यात चूक नाही. आणि ट्रायपॉड आत नेण्याआधी देवस्थानाला विचारून घ्यावं, हे वेगळं सांगायला नको.

"मधल्या हुकाला बॅग टांगा" हा सल्ला प्रत्येक पुस्तकात असतो. वाऱ्यात तो बरोबर आहे. ओल्या काळ्या मातीत जितकं वजन तितके पाय खाली. टांगायचीच असेल तर आधी टांगा, बॅगचा तळ जमिनीला टेकू द्या म्हणजे ती झोके घेणार नाही, लाइव्ह व्ह्यूत खांब स्थिर होईपर्यंत थांबा आणि मगच फोटो घ्या. फ्रेम जुळवून घाईघाईने टांगली तर जुळवलेली फ्रेमही गेली.

पायांचे भाग तीनच असावेत. चार-पाच भागांचा ट्रायपॉड पिशवीत मावतो, पण त्याचा शेवटचा भाग बोटाएवढा आणि वाकणारा. चिखलात उभं करताना सगळ्यात खालचा भाग आधी वीतभर बाहेर काढा. मग त्याचं कुलूप चिखलाच्या वर राहतं. पिळायच्या कुलपात एकदा ही माती गेली, की घरी येऊन आटे धुण्यात दुपार जाते. कार्बन फायबर हलकं, थरथर लवकर जिरवतं, एप्रिलच्या उन्हात हाताला चटकाही कमी देतं. पैसे असतील तर जरूर घ्या. नसतील तर तीन भागांचं जाड ॲल्युमिनियम घ्या आणि उरलेल्या पैशांत खिळे. पातळ कार्बनपेक्षा जाड ॲल्युमिनियम बरं, या मतावर मी ठाम आहे.

वसमतच्या वाचकांसाठी एवढंच: पुढच्या हंगामात ट्रायपॉड टाकीपासून लांब, गाडीवाटेच्या मुरमावर लावा. वाफ तिथूनही तितकीच दिसेल. हेडचा निकाल पुढच्या आठवड्यात नक्की. तोपर्यंत सगळ्यांनी आपापल्या ट्रायपॉडच्या टोप्या निघतात का, ते फिरवून पाहावं आणि कळवावं.