कल्पनेच्या राज्याचा नकाशा

काही खेळ मैदानावर खेळले जातात, तर काही पटावर. परंतु एक खेळ असा आहे, की त्याचे मैदान खेळणाऱ्यांच्या मनात असते. मेजाभोवती चारपाच जण बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो आणि इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. कोणी वैद्य होतो, कोणी शिलेदार, कोणी नावाडी. सूत्रधार प्रसंग सांगतो. आपले पात्र त्या प्रसंगी काय करील, हे प्रत्येकाने ठरवावयाचे असते. अवघड कामातील यशापयशाचा निर्णय फासे देतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनी रचलेला या प्रकारचा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज तो अनेक देशांत आवडीने खेळला जातो. त्यास साहित्य थोडेच लागते. मात्र नकाशा असला म्हणजे खेळास खरी गोडी येते. वाट कोठे फुटते, नदी कोठे ओलांडता येते, पुढचे गाव किती दूर आहे, हे मग सर्वांना सारखेच दिसते.

नकाशातून कथा कशी जन्मास येते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८८१ मध्ये इंग्रजी लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधील ब्रेमार या गावी राहत होता. तेथे आपल्या सावत्र मुलाच्या संगतीत त्याने एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढून रंगविला. त्या नकाशाकडे पाहता पाहता त्याला खलाशी, गलबत आणि पुरलेले धन दिसू लागले, आणि ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी आकारास आली. ती १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. परंतु प्रकाशकाकडे धाडलेला मूळ नकाशा मध्येच गहाळ झाला. तेव्हा पुस्तकातील एकेक उल्लेख शोधून, त्यांच्याशी जुळेल असा नकाशा त्याला पुन्हा तयार करावा लागला. नकाशावरून कथा रचणे त्याला सोपे गेले होते. कथेवरून नकाशा रचण्याचे काम मात्र फार जिकिरीचे ठरले.

राज्य कल्पनेतील असले, तरी त्याची जमीन खऱ्या जमिनीसारखीच वागली पाहिजे. म्हणून पेन्सिल हाती घेतल्यावर प्रथम उंच भाग दाखवावा, मग नद्या काढाव्यात. पाणी उंचावरून सखल भागाकडेच जाते. ओढे नदीस मिळतात, लहान नदी मोठीस मिळते. डोंगराची रांग चढून पलीकडे जाणारी नदी मात्र कोठेही आढळत नाही. त्यानंतर गावे मांडावीत. जेथे पिण्यास पाणी मिळते, जेथे नदीस उतार असतो किंवा जेथे दोन वाटा एकत्र येतात, तेथे वस्ती होते.

हे नियम शिकण्यास दूर जावे लागत नाही. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या वाटेवर लासुर्णे हे गाव आहे. या तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा आणि दक्षिणेस नीरा. दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर पडलेल्या पावसाचे काही पाणी एकीकडे वाहते, काही दुसरीकडे. आणि शेवटी तालुक्याच्या आग्नेय टोकास, नीरा नरसिंहपूर येथील संगमावर, ते पुन्हा एक होते.

या अवर्षणप्रवण मुलखातून नीरेचा डावा कालवा जातो. १८८५ च्या सुमारास तो वाहू लागला. नदी उतारावरून झपाट्याने खाली जाते. कालवा मात्र अगदी थोडा उतार धरून उंचावरून चालतो. म्हणून कालवा आणि नदी यांमधील शेतांस चाऱ्यांमधून पाणी आपोआप मिळते. कालव्याच्या वरच्या अंगास असलेल्या जमिनीस ते उपसून द्यावे लागते, नाही तर पावसाची वाट पाहावी लागते. एका निळ्या रेघेच्या एका बाजूस ऊस आणि दुसऱ्या बाजूस ज्वारी-बाजरी, असे चित्र त्यामुळे निर्माण होते. याच कालव्याखालील काही काळ्या जमिनी अतिपाण्यामुळे खारवटही झाल्या. पाणी येणे आणि जमीन सुपीक राहणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

असाच एक कालवा कल्पनेच्या राज्यात काढून पाहावा. कालव्याच्या आरंभी एक गाव ठेवावे आणि शेवटी दुसरे. पाऊस लांबला आहे. वरच्या गावाने आपल्या आवर्तनाहून अधिक पाणी घेतले, आणि खालच्या गावातील उभे पीक करपू लागले. आता वैद्य, शिलेदार आणि नावाडी यांनी काय करावे? राक्षस किंवा जादूगार नसतानाही खेळ रंगतो, कारण दोन्ही गावांची गरज खरी आहे.

रेखाटन पूर्ण झाल्यावर रंग भरावेत. प्रथम फिके रंग द्यावेत, ते वाळू द्यावेत, मग गडद रंग हाती घ्यावेत. नावे सर्वांत शेवटी लिहावीत. प्रत्येक रंगाचा अर्थ सूचीत सांगणे अवश्य आहे. प्राकृतिक नकाशात हिरवा रंग सखल प्रदेश दाखवितो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांत तोच रंग वने दाखवितो आणि शेतजमीन पिवळी असते. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण आणि प्रमाण असावे. एक चौकोन म्हणजे दोन किलोमीटर, असे ठरविले आणि गाव दहा चौकोन दूर असले, तर तासाला चार किलोमीटर चालणाऱ्यास तेथे पोचण्यास पाच तास लागतील.

एकदा हे ठरले, की ते सूत्रधारासही बंधनकारक असते. आवडत्या मित्राची वाट सोपी व्हावी म्हणून त्याने मध्येच नदी हलविली, तर इतरांचा त्याच्यावरील विश्वास उडतो आणि खेळ तेथेच संपतो. खरा नकाशा असो वा कल्पनेतला, त्याच्या भरवशावर कोणी तरी वाट चालत असते.