अंगणातली वाट : थोड्या खर्चात, टुमदार आणि न घसरणारी



भर तोडणीत अवकाळी पाऊस झाला आणि उसाने भरलेली गाडी पांदणीत रुतली, म्हणजे काय हाल होतात ते आपणांस सांगावयास नको. काळ्या मातीचा गुण आपल्याइतका कोणाला ठाऊक? पण हीच काळी माती आपल्या घराच्या फाटकापासून ओट्यापर्यंतही पसरलेली आहे, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. शेताच्या रस्त्यासाठी आपण अर्ज करू, भावकीशी भांडू, तहसिलीच्या चकरा मारू. आणि घरच्या अंगणात मात्र पावसाळाभर चिखल तुडवीत राहू. पाहुणे यावयाचे असले की चार विटा टाकायच्या आणि त्यांना त्यावरून उड्या मारावयास लावायचे, एवढीच आपली सुधारणा!

आम्ही स्वतः यातलेच. म्हणूनच हा विषय आज घेतला आहे. अंगणातली वाट हा हौसेचा विषय आहे असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही तसेच वाटत होते.

बुटीबोरीच्या जुन्या वस्तीच्या कडेला आमचे घर. बांधकाम झाले तेव्हा शहाबादी फरश्या थोड्या उरल्या होत्या. त्या आम्ही फाटकापासून तुळशीपर्यंत आणि तुळशीपासून मागच्या परसबागेपर्यंत सरळ मातीवर अंथरल्या. खाली थोडी रेती पसरली, बस. पहिला उन्हाळा मोठा ऐटीत गेला. येणारा-जाणारा वाखाणणी करी. मग मृग लागला. माती फुगली, काही फरश्या वर आल्या, काही एका अंगाने कलल्या. पुढच्या वैशाखात जमिनीला भेगा पडल्या आणि फरश्या डुगडुगू लागल्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरले. त्याच श्रावणात पहाटे तुळशीला पाणी घालावयास निघालेली आमची आई त्या फरशीवरून घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले.

नागपुरात शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरूण झाले. खर्चाचा आकडा येथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की त्या वर्षीच्या उसाच्या पहिल्या हप्त्यातून हाती फारसे काही लागले नाही. पैसा एक वेळ पुन्हा येतो. पण आई बरी झाल्यावरही ओटा उतरेना. तोंडलीचा मांडव, वांग्याची चार झाडे, कढीपत्ता, सगळे तिने हाताने लावलेले, आणि ती ओट्यावर बसून लांबूनच विचारायची, "तोंडले लागले का रे?" हे ऐकवत नव्हते.

तेव्हा आम्ही गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले. आमचा विचार सिमेंटचा कोबा करून टाकण्याचा होता. म्हाताऱ्याने एक फरशी पहारीने उचकटली, खालची माती चिमटीत घेऊन पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, हे माती पाण्यानं फुगते अन् उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर तुमी फरशी ठेवा का कोबा करा, काई राहीन नाई. आधी माती काढा. वरती काय टाकाचं ते मंग पाहू."

बाबा शाळेत किती शिकला होता कोणास ठाऊक. पण नागपुरात अमरावती रस्त्यावर मृदा सर्वेक्षणाची जी राष्ट्रीय संस्था आहे, तेथील शास्त्रज्ञही आपल्या काळ्या मातीविषयी हेच सांगतात. या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आकसते. आपल्या भागात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे. म्हणजे जमीन दरवर्षी एकदा पूर्ण फुगणार आणि एकदा पूर्ण फाटणार. स्कॉटलंडच्या मॅकॅडम साहेबाने दोनशे वर्षांपूर्वी गिट्टीच्या सडकांची नवी पद्धत आणली, तेव्हा त्याचेही मुख्य सांगणे असे होते की भार शेवटी खालची जमीनच पेलते, तेव्हा तिला कोरडी ठेवा. आपण मात्र वरच्या फरशीच्या रंगावर खर्च करतो आणि खालच्या पाण्याचा विचार करीत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे केले ते सांगतो.

प्रथम दोरी नाही, डोळे लावा. घरातली माणसे कोठून चालतात ते आठवडाभर पाहा. गवत जेथे मेलेले असते तेथे वाट आपोआप पडलेलीच असते. तीच पक्की करावी. शोभेसाठी उगीच नागमोडी वाट काढली तर पोरे वळण सोडून वाफ्यातूनच जातात. वळण हवेच असेल तर त्याला कारण द्यावे, म्हणजे तेथे एखादे लिंबाचे झाड किंवा पाण्याचा रांजण असावा. रुंदी ३ फूट धरावी. बादली घेऊन चालणाऱ्या माणसाला तेवढी लागतेच. घरात काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे वडीलधारे असतील तर ४ फूट करावी.

आमची वाट ४० फूट लांब आणि ३ फूट रुंद. दोऱ्या बांधून ८ इंच माती खणून काढली. ही सुमारे ८० घनफूट माती फेकली नाही, परसबागेच्या वाफ्यांत घातली. येथे एक गोष्ट म्हाताऱ्याने बजावून सांगितली, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. काळ्या मातीत असा चर खणला म्हणजे ते एक टाकेच झाले. त्यात पाणी साठले तर वरचे सगळे काम फुकट. म्हणून चराच्या तळाला एका बाजूस उतार द्यावा आणि सखल टोकाला पाणी बाहेर काढणारे तोंड ठेवावे. आमचे तोंड केळीच्या खड्ड्यात काढले आहे. केळी खुशीत आहेत.

तळाशी ४ इंच विटांचे रोडे, फुटके दगड, जुन्या भिंतीचा मलबा घातला. हा माल विकत घ्यावा लागत नाही. गावात जुनी मातीची घरे पाडून स्लॅबची बांधणे चालूच असते, मलबा घेऊन जा म्हणून लोकच सांगतात. मात्र त्यातली माती चाळून काढावी. त्यावर ४ इंच मुरूम. तो एकदम न टाकता दोन थरांत टाकावा, पाणी शिंपडावे आणि धुम्मसाने ठोकावा. पाणी म्हणजे शिंपण, आंघोळ नव्हे. ठोकल्यावर मुरूम बसतो, म्हणून मापापेक्षा पाव पट जादा लागतो. आमच्या ४० घनफुटांसाठी ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास मुरूम लागला. भाव लिहीत नाही, कारण अंक आपल्या हाती पडेपर्यंत तो बदललेला असेल.

मुरूम पारखून घ्या. मूठभर भिजवून गोळा करावा. कणकेसारखा हाताला चिकटला तर त्यात माती फार, पावसात त्याचा चिखल होणार. मूठ उघडताच विस्कटला तर तो बांधून राहणार नाही. गोळा राहील पण हाताला फारसा चिकटणार नाही, असा तांबूस मुरूम उत्तम. आणि विकत घेताना रॉयल्टीची पावती मागा. नाल्याकाठचा किंवा गायरानातला मुरूम रात्री ट्रॉलीत भरून आणणे हा कायद्याने गुन्हा आहे, मग तो किती का स्वस्त पडेना.

वर शेवटी एक इंच बारीक गिट्टी, जिला आपण चुरी म्हणतो, ती पसरून ठोकली. ४० फुटांना १० घनफूट पुरली. वाटेचा मध्य दोन्ही काठांपेक्षा पाऊण ते एक इंच उंच ठेवला आणि सगळीच वाट अंगणापेक्षा इंचभर वर आणली. पाऊस थांबला की थोड्या वेळात वाट चालण्याजोगी होते.

आता शोभेचे. काठ नसला तर चुरी वाफ्यात जाते आणि माती वाटेवर येते. विटांचा काठ करावयाचा तर ९ इंची विटा आडव्या लावून आमच्या दोन्ही बाजूंच्या ८० फुटांना १०७ विटा लागल्या असत्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आपल्या जिल्ह्यात मुबलक, तेव्हा राखेच्या विटाही सहज मिळतात. आम्ही मात्र एकही वीट घेतली नाही. जुन्या गोठ्याची कवेलू मागे रचून ठेवलेली होती. ती उभी अर्धी पुरून ओळीने लावली. लाल कवेलूची ती नक्षी अशी काही खुलली आहे की शेजारच्या सूनबाईंनी लगेच आपल्याकडची कवेलू विकावयाची थांबविली! कवेलू नसतील तर मुठीएवढे दगड लावून त्यांना चुन्याचा हात द्यावा. डाक बंगल्याची आठवण येते म्हणून कोणी हसेल, पण दिवे गेलेल्या रात्री पांढरा काठ अंधारातही दिसतो.

आपल्या गावाहून वर्धा रस्त्याने तासाभरावर सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले. त्यांच्यासाठी ज्या कुटी बांधल्या, त्या माती, बांबू आणि कवेलू अशा जवळपासच्या मालाच्याच. ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे की तेथे पैशाची शोभा नाही, तरी डोळा निवतो. मुरूम, दगड, कवेलू हे सगळे एकाच जमिनीतले असल्याने त्यांचे रंग एकमेकांशी भांडत नाहीत. दुकानातल्या हिरव्या-निळ्या सिमेंटच्या ठोकळ्यांना हे जमत नाही, असे आमचे मत आहे. कोणाला ते आवडत असतील तर आमची हरकत नाही.

पुष्कळ सभासद विचारतील की उसाचे पाचट वाटेवर चालेल काय? भाजीच्या वाफ्यांमधल्या वाटांवर जरूर घाला. चिखल होत नाही, तण दबते आणि वर्षाअखेरीस त्याचे खत होते. पण घराच्या भिंतीपासून आणि लाकडी चौकटीपासून ते दूर ठेवा, नाहीतर उधईला आपणच आवतण दिल्यासारखे होईल. बॉयलरची राख मात्र वाटेवर नको. कोरडी असता उडते, ओली झाली की निसरडी होते.

दुसरा एक धोका बुटीबोरीकरांनी विशेष ध्यानात घ्यावा. आपल्या शेजारी मोठी औद्योगिक वसाहत आहे. भरावासाठी फुकटची राख किंवा काळा खडा देतो म्हणून एखादा ट्रकवाला दारात उभा राहतो. माल कशाचा, कोठला, हे ठाऊक नसेल तर तो अंगणात घेऊ नका. त्या अंगणात आपली पोरे खेळतात आणि विहिरीचे पाणीही तेथूनच झिरपते.

तणाचे म्हणाल तर पहिल्या पावसाळ्यात लव्हाळा आणि हराळी डोके वर काढतेच. खाली प्लास्टिक अंथरण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता, तो मानला नाही, कारण त्यावर पाणी तुंबते. दर आठ दिवसांनी खुरप्याने काढावे. उसात मारून उरलेले तणनाशक वाटेवर मारण्याचा मोह टाळा. टू-फोर-डीचा फवारा वाऱ्याने तोंडली-वांग्यांवर गेला तर पाने आकसून वेल वाया जातो, आणि शेजाऱ्याच्या कपाशीवर गेला तर भांडण वेगळेच.

काठाला फुलझाडे ठेंगणी लावावीत. ऑफिस टाइम, अबोली, शेवंती चालतील. गवती चहा दिसावयास छान, पण त्याचा झुबका वाटेला खेटून नको. विंचू-किरडू आडोसा धरते. दोन्ही अंगांना हातभर जागा उघडी ठेवली की पाय कोठे पडतो ते दिसते.

आमच्याकडून एक चूक झाली तीही सांगतो. चुरी अनवाणी पायांना टोचते, हे ध्यानातच आले नव्हते. आई तुळशीला चप्पल घालून जाणार नाही! पहिल्याच दिवशी ती ओट्याच्या पायरीवरून परत फिरली. मग जुन्या शहाबादी फरश्याच कामी आल्या. पाटा-वरवंट्याला लावतात तशी त्यांना टाकी लावून घेतली, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत झाला. ओट्यापासून तुळशीपर्यंत त्या मुरमाच्या पक्क्या थरावर, सांधे जुळवून, एका पातळीत बसवल्या. पावले टाकण्यापुरते सुटे दगड लावण्याची जपानी बागेतली तऱ्हा दिसावयास सुरेख असते, पण म्हाताऱ्या माणसाच्या घरी ती करू नये. पाऊल चुकते.

मजुरी म्हणाल तर दोन गडी आणि म्हातारबाबा, चार दिवस. काम दिवाळीनंतर सुरू करावे म्हणजे माती खणण्याजोगी असते, आणि मृगाच्या आत एक-दोन वेळा पुन्हा पाणी मारून ठोकावे.

यंदाचा पावसाळा त्या वाटेने काढला. एका ठिकाणी, पन्हाळीचे पाणी पडते तेथे, चुरी वाहून खड्डा पडला होता. तेथे एक फुटकी फरशी ठेवून दिली. आई आता काठी टेकीत तुळशीपर्यंत जाते, तेथे चप्पल पायात सरकवते आणि मांडवापर्यंत जाऊन तोंडली स्वतः तोडते. कालच तिने फर्मावले आहे की गोठ्यापर्यंतची वाट राहिली, ती केव्हा करता? अर्धा ब्रास मुरूम सांगून ठेवला आहे.