सेकंडहँड व्हॅन घेताय? आधी सीट उचलून बघा

मागच्या बैठकीत दोन गटांच्या ताईंनी एकच प्रश्न विचारला. पापड, भाजणी, नाचणीचं पीठ आणि भाजी दर आठवड्याला मुलुंड-घाटकोपरला न्यायची तर टेम्पोच्या भाड्यातच नफा जातो, मग गटानेच एखादी जुनी ईको किंवा ओम्नी घेतली तर? आमच्या गटाने तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं. पहिल्या चार महिन्यांत ३४ हजार रुपये दुरुस्तीत गेले. त्यातले निम्मे तरी वाचले असते, असं आता कळतं. म्हणून संपादक ताईंनी लिहायला सांगितलं.

ओम्नी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. आज मिळेल ती ओम्नी जुनीच असणार, बऱ्याचशा तर पंधरा वर्षांच्या पुढच्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर आरटीओत तपासणी करून ती पुन्हा करावी लागते. ते झालेलं नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नका. ईको २०१० साली आली. तिचं इंजिन मोठं, माल घेऊन घाट चढायला बरी. आम्ही ईको घेतली ती त्यासाठीच.

अंधेरीकडच्या एका विक्रेत्याकडे गाडी चकाचक होती. नवी सीट कव्हरं, आत सुगंधी अत्तराचा भपकारा. आम्ही सगळ्या खूश! त्या वासाचं कारण पहिल्या पावसाळ्यात कळलं. गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली होती.

मुंबईच्या उपनगरात ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या. ते जुनं झालं, पण अंधेरीच्या सबवेत किंवा कुर्ल्याच्या सखल भागात आजही दरवर्षी पाणी भरतं. बुडालेली गाडी धुऊन पुसून विकली जाते. इंजिन चालू होतं, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी हळूहळू गंज धरतं. आमच्या गाडीचा आधी हॉर्न गेला, मग वायपर, मग भर पावसात ठाण्याच्या अलीकडे हेडलाइट. मागे भाजीचे क्रेट आणि आम्ही दोघी बायका.

ओळखायचं कसं? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. आतल्या भागावर मातकट रेघ दिसली तर पाणी तिथवर आलेलं होतं. पायाखालचं मॅट पूर्ण उचला, सीट ज्या पट्टीवर सरकते तिथे गंज आहे का बघा. हेडलाइटच्या काचेत आतून दमटपणा दिसतो का? आणि आत फार छान वास येत असेल तर दारं बंद करून पाच मिनिटं बसा. कुबट वास लपत नाही.

आता इंजिन. या दोन्ही गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की दिसतं, म्हणून विक्रेत्याला लाजू नका, सीट उचलायलाच लावा. सकाळी लवकर जा आणि आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका असं आधीच सांगून ठेवा. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना खरं बोलतं. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल पितंय. पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जळत असण्याची शक्यता, म्हणजे हेड गॅस्केटचा खर्च. थंडीच्या सकाळी थोडी वाफ येते, ती दोन-चार मिनिटांत जाते, तिला घाबरू नका.

गाडी तापणं हा या व्हॅनचा नेहमीचा आजार. घोडबंदर रोडला तासभर अडकलात, मागे माल भरलेला, ऊन वर, की काटा चढू लागतो. पुष्कळ जण कूलंटऐवजी साधं नळाचं किंवा बोअरचं पाणी भरतात. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटरची नळी आतून जमते, आपल्या घरातल्या चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तसं. कूलंट लालसर किंवा हिरवं आणि स्वच्छ हवं, गंजाच्या रंगाचं नको. काटा वर गेला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आमच्या ड्रायव्हर भाऊंचा हात असाच भाजला होता.

टायमिंग बेल्ट शेवटी कधी बदलला, याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा आणि किमतीतून तो खर्च कापायला सांगा. बेल्ट तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते.

ट्रॅफिकमधल्या गाडीची क्लच प्लेट लवकर झिजते. चढावर गिअर टाकून बघा, इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, तर प्लेट संपली. गाडी सुटताना खालून 'टक' असा आवाज आला तर मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचा क्रॉस झिजलाय. हे काम फार महाग नाही. सरकता दरवाजा अडकतो तो रोलर झिजल्याने, तोही स्वस्तात होतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात, पण ब्रेकचं सामान आणि बेल्ट मात्र जुना घेऊ नका, कितीही घासाघीस झाली तरी.

सीएनजीबद्दल थोडं सविस्तर. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, त्याची तारीख टाकीवरच्या पाटीवर आणि प्रमाणपत्रावर असते. किट बाहेरून बसवलं असेल तर आरसी बुकात इंधन 'पेट्रोल/सीएनजी' असं लिहिलेलं हवं. नुसतं 'पेट्रोल' असेल तर ते किट कागदावर नाहीच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच बोट दाखवेल. गॅसचा वास आला तर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात, पण आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. आणखी एक, सीएनजीवर चालते म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. ईकोचा पेट्रोल पंप टाकीत असतो, कोरडा चालला की जळतो. आमचा जळला.

कागदांचं. व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, आणि गाडीवर बँकेचं कर्ज होतं का ते आरसीवर बघा. असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. विमा आपल्या नावावर करायला तर १४ दिवसच. आम्ही 'निवांत करू' म्हणालो आणि दीड महिना मागच्या मालकाच्या नावावर गाडी पळवली. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर पाटी बसवली आहे का तेही बघा. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून दुसऱ्याचा माल भाड्याने नेता येत नाही, त्यासाठी पिवळी पाटी लागते, आणि तिला फिटनेस वेगळं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र गॅरेजमधला नाहीच. गाडी कुणाच्या नावावर? आमच्याकडे ती सचिव ताईंच्या नावावर झाली, कारण त्यांचे कागद तयार होते. मग दंडाचं चलान त्यांच्या घरी, आणि घरी प्रश्न, 'गाडी तुझी की गटाची?' त्यांना दोन महिने त्याचा त्रास झाला. शेवटी आम्ही ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्यांसह: गाडी गटाच्या पैशाची आहे, हप्ता, दंड आणि दुरुस्ती गटाच्या खात्यातून, आणि ताईंनी गट सोडला तर नाव कसं बदलायचं. हा ठराव गाडी घेण्याआधी लिहायचा होता.

आता गाडी नीट चालते. डॅशबोर्डच्या खणात एक वही आहे, ड्रायव्हर भाऊ रोजचे किलोमीटर, गॅस आणि दुरुस्ती लिहितात, महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवतात. पुढची हायड्रो टेस्ट येत्या मार्चमध्ये आहे.