ब्लोडाउनमधला ‘डाउन’

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरचं नाव निघालं की पाठोपाठ सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं नाव येतंच. या भागात कानावर मराठीबरोबर अहिराणी, गुजर बोली, भिल्ली, पावरी असं बरंच काही पडतं. इंग्रजी म्हणजे पोरांसाठी तिसरी नाही तर चौथी भाषा. आणि तरीही कुठल्याही साखर कारखान्यात गळीत हंगामात थोडा वेळ कान देऊन उभं राहा. ‘ब्रेकडाउन’, ‘शटडाउन’, ‘ब्लोडाउन’, ‘मेकअप वॉटर’ हे शब्द गव्हाण, मोळी, मुकादम यांच्या इतक्याच सहजतेने बोलले जातात. गेटबाहेर ‘पिकअप’ उभी असते आणि वार्षिक सभेत ‘टर्नओव्हर’ वाचून दाखवतात.

यात नवल काय? नवल हे, की इंग्रजीतला सगळ्यात अवघड मानला जाणारा प्रकार इथे अगदी बिनधास्त वापरला जातोय. एक साधं क्रियापद आणि त्याच्या मागे अप, डाउन, ऑफ, आउट असा एखादा चिमुकला शब्द. दोघं एकत्र आले की तिसराच अर्थ. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडून देणं आणि ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतं घेणं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने कबूल केलं होतं की परक्यांची सर्वांत जास्त दमछाक या जोड्यांपाशी होते. या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापून आलं ते पुढे १९२५ मध्ये, लोगन पिअर्सल स्मिथच्या पुस्तकात. हे नाव आपल्याला हेन्री ब्रॅडली या कोशकाराने सुचवलं, असं त्याने तिथे नोंदवलं आहे.

आता बॉयलरजवळ जाऊ. पाण्याची वाफ होते, पण पाण्यात विरघळलेले क्षार वाफेबरोबर जात नाहीत. ते मागे उरतात आणि पाणी दाट दाट होत जातं. म्हणून ठरावीक वेळाने तळाचा व्हॉल्व्ह उघडतात. आतल्या दाबाने गाळ आणि खारं पाणी जोरात बाहेर फेकलं जातं. हा ब्लोडाउन. ‘ब्लो’ म्हणजे जोराने फुंकणं आणि ‘डाउन’ म्हणजे खाली. शब्दातच सगळी कृती आली. एवढं पाणी गेल्यावर त्याची भरपाई करायला बाहेरून पाणी घ्यावं लागतं. ते मेकअप वॉटर. ‘मेक अप’ म्हणजे कमी पडलेलं भरून काढणं. भांडणानंतर समेट करणं म्हणजेही ‘मेक अप’, खोटी गोष्ट रचून सांगणं म्हणजेही तेच आणि लग्नघरातला मेकअपही तोच. बॉयलर आणि नवरी एकाच क्रियापदावर!

कामगार हे शब्द वाक्यात कसे बसवतात तेही ऐकण्यासारखं आहे. ‘मिलचा ब्रेकडाउन झाला’, ‘ब्लोडाउन दिला’, ‘शटडाउन घेतला’. म्हणजे इंग्रजी क्रियापदाचं मराठीत येताना नाम झालं आणि क्रियापदाचं काम झाला, दिला, घेतला यांनी उचललं. इंग्रजीतही ही जोडी नाम झाली की तिचा उच्चार बदलतो. ‘मशीन ब्रोक डाउन’ म्हणताना जोर ‘डाउन’वर पडतो. ‘ब्रेकडाउन’ हे नाम उच्चारताना तो ‘ब्रेक’वर सरकतो. आपण उचलला तो नामाचा अवतार, त्यामुळे आत दोन शब्द आहेत हे आपल्या ध्यानातच येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याला हा प्रकार परका वाटतो, पण त्याचा सख्खा भाऊ आपल्याच घरात आहे. फक्त एक क्रियापद घ्या, सांगणे. ‘सांगून टाक’ यात मोकळं होणं आहे. ‘सांगून ठेव’ यात पुढची तजवीज आहे. ‘सांगून बघ’ यात प्रयत्न आहे, खात्री नाही. आणि ‘सांगून बसला’ यात पश्चात्ताप आहे. इथे टाकणं, ठेवणं, बघणं, बसणं या शब्दांनी आपला मूळ अर्थ जवळजवळ सोडून दिलाय. अहिराणी बोलणारं पोर ‘काय करी ऱ्हायना?’ म्हणतं, तेव्हा त्यातलं राहणंही घरात राहणं नसतं. इंग्रजीत क्रियापदाच्या मागे अप किंवा डाउन येतं, आपल्याकडे दुसरं क्रियापद येतं. काम बरंचसं तेच. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून ठेव. ‘ट्राय आउट’ म्हणजे वापरून बघ.

बंद मशीनचंच पाहा. मिल आपोआप थांबली तर ती ‘बंद पडली’, दुरुस्तीसाठी मुद्दाम थांबवली तर ‘बंद ठेवली’. इंग्रजीत पहिल्याला ब्रेकडाउन, दुसऱ्याला शटडाउन. दोन्हीकडे ‘डाउन’ आहेच आणि आपल्या ‘पडली’तही खालीच जाणं आहे. माणूस आजारी पडतो, ताप चढतो आणि उतरतो, भाव चढतात, बॉयलरचा दाब उतरतो. वाढलं की वर, घटलं की खाली, थांबलं तरी खाली, ही समज दोन्ही भाषांत आहे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवलं की असे वापर सुटे सुटे नसतात, त्यांच्या मागे विचारांची एक घडी असते. ‘अप’ला या घडीतून आणखी एक छटा मिळाली आहे, काम पुरतं संपवण्याची. टाकी काठोकाठ भरली की ‘फिल अप’, सगळं वापरून झालं की ‘यूज अप’.

मग शाळेत शिकताना हे अवघड का जातं? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. पण पुस्तकात आपली आधी गाठ पडते ती भारदस्त शब्दांशी. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच शिरली. पुढे विद्वानांनी लॅटिनमधूनही भरभरून शब्द घेतले. त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाला अनेकदा दोन शब्द झाले, एक कागदावरचा, एक ओसरीवरचा. आपल्याला कागदावरचा ‘पोस्टपोन’ पाठ असतो, ओसरीवरचा ‘पुट ऑफ’ ऐकला की आपण अडखळतो. अर्जात ‘टॉलरेट’ बिनचूक लिहितो, पण सिनेमात कोणी ‘पुट अप विथ’ म्हणालं की खालच्या अक्षरांकडे नजर वळते.

बाजारातली पुस्तकं बहुतेक वेळा क्रियापदावरून याद्या देतात. ‘गेट’च्या पंधरा जोड्या, ‘टेक’च्या वीस. त्याऐवजी मागचा चिमुकला शब्द धरून पाहावा. काही दिवस नुसता ‘ऑफ’ घ्यायचा. ‘स्विच ऑफ’, ‘टेक ऑफ’, ‘कट ऑफ’, ‘ले ऑफ’. सगळ्यांत कशापासून तरी सुटणं, तुटणं आहे हे आपलं आपल्यालाच दिसू लागतं. एक नियम तेवढा आधीच माहीत असलेला बरा. या जातीच्या जोड्यांत ‘स्विच ऑफ द पंप’ चालतं, ‘स्विच द पंप ऑफ’ही चालतं. पण पंपाच्या जागी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं, ‘स्विच इट ऑफ’. वाक्याची शेवटची जागा इंग्रजी सहसा नव्या, वजनदार माहितीसाठी राखते आणि ‘इट’मध्ये नवं काहीच नसतं.

सगळ्या जोड्या मात्र अशा उकलत नाहीत. ‘पुट अप विथ’मध्ये सहन करणं कुठून आलं, हे घडी उलगडूनही चटकन हाती लागत नाही. ते पाठच करावं लागतं. त्यात कमीपणा वाटून घेऊ नये. मराठी शिकणाऱ्या इंग्रजालाही, उभ्या उभ्या बोलणारा माणूस ‘सांगून बसला’ कसा, हे कोणीतरी समजावून द्यावंच लागतं.